खरी बातमी उशिरा का येते?

अफवेला कुणाची वाट पाहावी लागत नाही. बातमीला मात्र पाहावी लागते. एके काळी तालुक्याचा वार्ताहर बातमीचे पाकीट एस.टी.च्या वाहकाकडे देई. आज ती क्षणात जाते. पण खातरजमेला वेळ लागतो तो लागतोच!

30 सप्टेंबर 1993 ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसे झोपली होती. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावे भुईसपाट झाली. सरकारी नोंदीत मृत सुमारे आठ हजार. इतर अंदाज दहा हजारांच्या घरातले. आजही आकडे जुळत नाहीत, तर त्या सकाळी मातीच्या ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या वार्ताहराने कोणता आकडा लिहायचा?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. किल्लारीला 1992 मध्येच धक्के बसत होते. नकाशात मात्र हा भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. म्हणजे घाबरवणारी अफवा जशी घातक, तसा खोटा दिलासाही घातक. पत्रकाराला या दोहोंच्या मधून वाट काढायची असते.

2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैत हिंगोली परिसरात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. ते नांदेडपर्यंत जाणवले. अशा वेळी ‘आज रात्री मोठा धक्का येणार’ असा निरोप मोबाइलवर फिरू लागला, की लेकरेबाळे घेऊन माणसे अंगणात रात्र काढतात. भूकंपाचा दिवस नि वेळ सांगणारे शास्त्र अजून नाही. पण म्हणून ‘काही होणार नाही’ असेही छापता येत नाही.

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 2023 च्या सप्टेंबरअखेरीस 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बालके होती. आकडा लगेच कळला. कारण शोधणे अवघड. औषधे नव्हती, की रुग्ण अत्यवस्थच आले होते? घाईने लिहावे तर डॉक्टरवर अन्याय, गप्प बसावे तर त्या आयांवर.

मी बँकेत उमेदीची वर्षे काढली. तिथे व्हाउचर लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा. काउंटरवर कितीही गर्दी असो, दुसऱ्या सहीवाचून रोख हलत नसे. तालुक्याच्या वार्ताहरामागे ही दुसरी सही आज कितपत असते? मानधन तुटपुंजे, जाहिरातीही त्यानेच आणायच्या. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची, त्याच्याविरुद्ध लिहायचे कसे?

तरीही कुणीतरी दवाखान्यात जाऊन नोंदवही पाहतो, गावात जाऊन घरे मोजतो. ‘कारण अद्याप कळलेले नाही’ एवढे छापायलाही धैर्य लागते. ते वाचून थोडे थांबण्याचे धैर्य आपल्या घरांतही हवे. हातातला निरोप पुढे धाडण्याआधी एवढेच विचारावे: हे पाहिले कुणी?