पावसाळ्यांत मोटारसायकलीचा प्रवास

मृगाचा पाऊस पडला कीं शेतकऱ्याच्या पायांस विश्रांति राहत नाहीं. बियाणें व खत आणावयास तालुक्यास जावें लागतें, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीवर पोंचवावें लागतें, सोसायटींत कर्जासाठीं हेलपाटे घालावे लागतात. पूर्वीं हीं कामें बैलगाडीनें किंवा पायीं होत. आतां बहुतेक घरांच्या पडवींत मोटारसायकल उभी असते. तिनें वेळ वांचतो व श्रमही वांचतात, यांत संशय नाहीं. परंतु बैलास वाटेवरची निसरड पायाखालीं कळते व तो आपण होऊन सावकाश चालतो. मोटारसायकलीस ही जाणीव नाहीं. ती तिच्या मालकानें बाळगावयाची असते. ऐन पेरणीच्या दिवसांत घरच्या कर्त्या पुरुषाचा पाय मोडला, तर हाड सांधेपर्यंत पेरणीची वेळ निघून जाते व त्या वर्षाचा खरीप हातचा जातो. म्हणून या विषयाचा विचार शेतीच्या इतर कामांइतकाच काळजीनें केला पाहिजे.

रस्त्याचा वाफसा.— जमिनीस वाफसा नसतां कुळव घालूं नये, हें कोणा शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. रस्त्याचेंही तसेंच आहे. टायर व रस्ता यांच्या घर्षणानें जी पकड मिळते, तिच्याच आधारें गाडी वेग घेते, वळते व थांबते. पाण्यानें ही पकड बरीच कमी होते. वळवाच्या पहिल्या सरींत ती फारच कमी असते. कारण उन्हाळाभर सांचलेली धूळ, वाहनांतून गळलेलें तेल व टायरांचा झिजलेला भुगा हीं पाण्यांत मिसळून रस्त्यावर बुळबुळीत थर बनतो. जोराचा पाऊस झाल्यावर तो बराचसा धुवून जातो. यास्तव पहिली सर येतांच घराकडे गाडी पिटाळण्यापेक्षां थोडा वेळ आडोशास थांबणें हिताचें. पुढें ओल्या रस्त्यावरही रंगाचे पांढरे पट्टे, लोखंडी पत्रे व रेल्वेचे रूळ यांपासून सावध राहावें. रूळ ओलांडतांना गाडी सरळ काटकोनांत न्यावी व त्यावर ब्रेक लावूं नये.

शेतांतून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनीं डांबरी रस्त्यावर येणारी काळी माती हा याहूनही मोठा धोका आहे. प्रस्तुत लेखक एकदां आपल्याच शेताच्या वळणावर गाडीसह पडला, तो अशाच मातीवरून. आणि ती माती त्याच्याच ट्रॅक्टरनें आणून टाकली होती. काम आटोपल्यावर फावड्यानें रस्ता साफ करावयास दहा मिनिटेंही लागत नाहींत. आपल्या बांधासमोर कोणी पडूं नये, ही जबाबदारी आपली आहे. काळ्या जमिनींतील गाडीवाटेवर तर चिखल चाक व मडगार्ड यांच्यामध्यें ठासून भरतो आणि चाक फिरेनासें होतें. तेथें गाडी रेटूं नये. ती सडकेजवळच्या वस्तीवर ठेवून पुढें पायीं जावें.

वेग व ब्रेक.— ताशी ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते, व अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर ती २० मीटरांत थांबत असेल, तर पकड निम्मी झालेल्या रस्त्यावर तिला ४० मीटर लागतात. वेग ताशी ४० किलोमीटर ठेवला, तर त्याच ओल्या रस्त्यावर हें अंतर सुमारें १८ मीटरांवर येतें. थांबण्याचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, हें त्याचें कारण होय.

पुढचा ब्रेक दाबला कीं गाडी पडते, या समजुतीनें पुष्कळ लोक केवळ मागचाच ब्रेक वापरतात. ही समजूत अपुरी आहे. ब्रेक लावतांच भार पुढच्या चाकावर येतो व थांबविण्याचें बहुतेक काम तेंच चाक करतें. दोन्ही ब्रेक एकदम न आवळतां हळूहळू वाढत्या दाबानें लावावे; तेही गाडी सरळ असतांना, वळण येण्यापूर्वीं. वळणांत शिरल्यावर ब्रेक किंवा गिअर यांस झटका देऊं नये. घाट उतरतांना इंजिन बंद करूं नये व क्लच दाबून गाडी सोडूं नये. खालच्या गिअरमध्यें इंजिनाच्याच रोधानें उतरावें. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींपैकीं १२५ सी. सी.वरील गाड्यांस चाक अडकूं न देणारी ए. बी. एस. योजना, व त्याखालील गाड्यांस दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सी. बी. एस. योजना सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या गाड्यांत ती असेलच असें नाहीं. शिवाय जी पकड रस्त्यांतच नाहीं, ती कोणतीही योजना निर्माण करूं शकत नाहीं.

गाडीची तयारी.— टायरच्या खांचांतून पाणी बाहेर फेकलें जातें. खांचा झिजल्या कीं टायर पाण्यावर तरंगूं लागतो. खांचेच्या तळाशीं ठेवलेला लहान उंचवटा बाकीच्या रबराशीं समतल झाला, कीं टायर बदलावा. हवा कमी ठेवली म्हणजे पकड वाढते, असें कित्येक म्हणतात. डांबरी ओल्या रस्त्यावर त्याचा परिणाम उलट होतो; टायर दबून खांचा मिटतात. हवा गाडीच्या पुस्तिकेंत सांगितल्याइतकीच ठेवावी. साखळीस पावसानंतर पुसून तेल द्यावें आणि मागचा तांबडा दिवा रोज पाहावा.

ओझें.— दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंस सारख्या वजनाच्या असाव्या. अर्धवट भरलेल्या किटलींत दूध हिंदकळतें व वळणांत गाडी ओढली जाते. युरियाची ४५ किलोची गोणी टांकीवर ठेवल्यास हँडल मोकळें फिरत नाहीं. ती मागें, खालच्या अंगास, घट्ट बांधावी. दोन गोण्या व एक माणूस यांपेक्षां दोन खेपा स्वस्त पडतात.

पोषाख.— सुती कपडे भिजले कीं वाऱ्यानें अंग गारठतें, बोटें बधिर होतात व ब्रेकचा अंदाज राहत नाहीं. यास्तव सुखाचा प्रवास व सुरक्षित प्रवास हीं वेगळीं नाहींत. सदरा व विजार असा दोन तुकड्यांचा उठावदार रंगाचा रेनकोट घ्यावा, त्याखालीं एखादा लोकरी कपडा असावा. घोंगडी किंवा सैल प्लास्टिक अंगावर पांघरून गाडी चालवूं नये. तीं वाऱ्यानें फडफडून चाकांत जातात. मागें बसलेल्या बाईनें पदर नीट खोंचावा आणि छत्री मुळींच उघडूं नये. शिरस्त्राण आय. एस. आय. खुणेचें असावें, त्याची कांच स्वच्छ व ओरखड्यांवांचून असावी.

पाण्याखालची फरशी.— वर सांगितलेल्या चुकांस कांहीं क्षमा आहे. या चुकीस नाहीं. कोल्हापूरकडे पंचगंगेवरील राजाराम बंधारा बहुतेक पावसाळ्यांत पाण्याखालीं जातो. गांवाकडे पाऊस थांबलेला असतो, आकाश उघडलेलें असतें. परंतु वर राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, कीं भोगावतीचें पाणी पंचगंगेस येतें. ओढ्यांवरील फरशा व मोऱ्याही अशाच फसव्या असतात. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गानें वाढतो. गुडघ्याइतक्या वेगवान पाण्यांत माणूसही उभा राहूं शकत नाहीं, मग दोन चाकांची कथा काय! गढूळ पाण्याखालीं फरशी खचली आहे कीं शाबूत आहे, हें कांठावरून दिसत नाहीं. फरशीवरून पाणी वाहत असेल, तर परत फिरावें. डेअरीस दूध गेलें नाहीं तर एका दिवसाचें नुकसान होतें. गाडी पाण्यांत बुडालीच, तर बाहेर काढून लगेच सुरू करूं नये. सिलिंडरमध्यें पाणी असल्यास इंजिन मोडतें.

वीज कडकडत असेल, तर रबरी टायरांवर भरंवसा ठेवूं नये. त्यांनीं संरक्षण होत नाहीं. गाडी सोडून पक्क्या घराचा आसरा घ्यावा, झाडाखालीं थांबूं नये.

वाफशाची वाट पाहणें ज्यास साधतें, त्यास रस्त्यावरही थांबतां येईल. अर्ध्या घटकेच्या उशिरानें कोणाची पेरणी चुकली नाहीं. परंतु अर्ध्या घटकेच्या घाईनें पुष्कळ घरांचा हंगाम चुकला आहे.