नोकरी शोधणाऱ्यांची तीन ग्रंथालये

न्यू यॉर्क शहरात सार्वजनिक ग्रंथालयांच्या संस्था तीन आहेत: न्यू यॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स. 1898 मध्ये हे भाग एकाच महानगरात सामील झाले, ग्रंथालये मात्र वेगळी राहिली. आता न्यू यॉर्क आणि ब्रुकलिन यांची पुस्तकखरेदी, तालिका आणि वर्गवारी 'बुकऑप्स' हा एकच सामाईक विभाग पाहतो. एरवी हीच कामे दोनदा करावी लागली असती.

बेकारांच्या दृष्टीने महत्त्वाचा निर्णय दंडाचा. थकबाकी 15 डॉलरवर गेली की कार्ड बंद पडे. म्हणजे ज्याला ग्रंथालयाची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच बाहेर! ऑक्टोबर 2021 मध्ये तिन्ही संस्थांनी उशिराचा दंड एकत्रच रद्द केला. पुस्तक हरवले तर भरपाई अजूनही द्यावी लागते, आणि ते रास्तच आहे.

तिन्हीकडे बायोडेटा तपासून मिळतो, मुलाखतीची तयारी करून घेतात, संगणक शिकवतात. मॅनहॅटनच्या रिव्हरसाइड शाखेने तर 2018 मध्ये मुलाखतीसाठी टाय, हँडबॅग आणि ब्रीफकेस पुस्तकांसारख्याच घरी न्यायला दिल्या. कल्पना साधी, पण ज्याच्याकडे टाय नाही त्यालाच तिची किंमत कळेल.

आपली मुले, भाचरे तिकडे नोकरीच्या शोधात असतील, तर त्यांना आधी ग्रंथालयाचे कार्ड काढायला सांगा. त्याला पैसे पडत नाहीत.