ब्रेक तेलाची गळती : वेळीच निदान, वेळीच उपाय

मालाने भरलेला ट्रक कसारा किंवा कुंभार्ली घाट उतरू लागतो, तेव्हा अनेकांचे प्राण एका पेडलावर अवलंबून असतात. आजच्या बहुतेक अवजड ट्रकना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. तथापि कित्येक जुन्या ट्रकमध्ये व मध्यम मालमोटारींमध्ये चाकांपर्यंतचा दाब तेलानेच पोहोचतो.

कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम या यंत्रणेचा पाया होय. पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांवाटे चाकांच्या सिलिंडरांवर दाब आणते आणि ब्रेक शू ड्रमला घट्ट भिडतात. यंत्रणा बंदिस्त असल्याने तेल संपण्याचे कारण नाही. पातळी वारंवार उतरत असेल, तर गळती आहे असेच समजावे.

निदान कसे करावे?

इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेल्यास दोष निश्चित. मग टायरची आतली बाजू, होज पाइप, नळ्यांचे सांधे व मास्टर सिलिंडर क्रमाने तपासावेत. चाकाजवळील ओल कोणत्या तेलाची, हे पाण्याने कळते : प्रचलित ब्रेक तेल पाण्यात मिसळते, ॲक्सलचे तेल तरंगते. बाहेर ओल नसता पेडल बसत असेल, तर मास्टर सिलिंडरचे रबरी वॉशर निकामी झालेले असण्याचा संभव असतो. ओल नसूनही तेल घटत असेल, तर ते सर्व्होत झिरपत असावे.

उपाय

गळकी नळी ठोकून बंद करू नये, ती बदलावी. सिलिंडर आतून चरे पडलेला असल्यास नुसते वॉशर बदलून भागत नाही. तेलाने भिजलेले लायनर त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. शेवटी यंत्रणेतील हवा पूर्ण काढावी.

इंजिन ऑइल ब्रेकमध्ये कदापि घालू नये. त्याने रबर फुगते. ब्रेक तेल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलाव्याने तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. मग घाटात तेलाची वाफ होते व पेडल पोकळ लागते. म्हणून सीलबंद डब्यातीलच तेल वापरावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ अन्वये परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. परंतु प्रमाणपत्र म्हणजे रोजची तपासणी नव्हे. पाण्याचा टँकर असो वा शाळेची बस, निघण्यापूर्वी तेलाची पातळी पाहून तिची नोंद करण्याची शिस्त संबंधितांनी लावल्यास अनेक अपघात टळतील.