पाच डॉलर पाउंड, पण कुठलं पाउंड? शेतावरून थेट बीफ घेण्याचा हिशेब

आजचा विषय तुमच्याच व्हॉइस नोट्समधून आलाय. अमेरिकेत मिडवेस्टात राहणारे बरेच जण विचारतात, "शहराबाहेर फार्मवर पाटी असते, क्वार्टर बीफ, पाच डॉलर पाउंड. स्टेकसुद्धा पाच डॉलरला पडतो म्हणजे स्वस्तच ना? घ्यावं का?"

मी नेब्रास्कात, ओमाहाजवळ राहते. या राज्यात माणसं साधारण वीस लाख आणि गुरं साठ लाखांहून जास्त. त्यामुळे ऑफिसात कुणाचा ना कुणाचा काका गुरं पाळणारा असतोच. मीही आता तीन घरांसोबत मिळून असंच बीफ घेते.

आधीच एक सांगते. हे सगळं अमेरिकेबद्दल आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी आहे आणि २०१५ पासून दुरुस्तीमुळे ती बैल आणि वळूंनाही लागू आहे, त्यामुळे तिथे हा व्यवहार होऊच शकत नाही. तुम्ही बीफ खात नसाल तर हा भाग खुशाल सोडा.

आता मुद्दा. गावाकडे आखाडात चार-पाच घरं मिळून बोकड घेतात आणि वाटे घालतात, आठवतंय? प्रत्येक वाट्यात थोडी नळी, थोडी चाप, थोडी कलेजी. कुणी म्हणत नाही की मला फक्त चाप द्या. क्वार्टर बीफ म्हणजे नेमकं हेच. तुम्ही मांस विकत घेत नाही, जनावरातला वाटा विकत घेता. हे एक वाक्य डोक्यात बसलं की किंमत, कायदा, कापणी, सगळं उलगडत जातं.

पहिली गोष्ट: वजनं तीन असतात

जनावर बहुधा स्टीअर असतं, म्हणजे लहानपणीच खच्ची केलेला बैल. समजा तो जिवंत असताना १,२०० पाउंडांचा आहे, म्हणजे साधारण ५४५ किलो. हे झालं लाइव्ह वेट.

कातडं, मुंडकं, खूर, आतडी, रक्त गेलं की जे धड हुकाला टांगतात त्याचं वजन साधारण ६२ टक्के भरतं. म्हणजे अंदाजे ७४० पाउंड. हे हँगिंग वेट. पाटीवरचा भाव बहुतेक वेळा याच वजनाचा असतो.

मग ते धड थंड खोलीत दहा-चौदा दिवस टांगून ठेवतात. त्यात पाणी उडतं, मांस मऊ पडतं. पुढे हाडं आणि जादा चरबी काढली की हातात येतं ते टेक-होम वेट. हँगिंग वेटच्या साधारण ६० ते ६५ टक्के.

आता कॅल्क्युलेटर काढा. भाव मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्याकडे वेगळे असतील.

पाव वाटा म्हणजे १८५ पाउंड हँगिंग वेट. शेतकऱ्याला पाच डॉलरने ९२५ डॉलर. खाटकाची कापणी आणि पॅकिंग, पाउंडाला सव्वा डॉलर, तेही हँगिंग वेटवर, म्हणजे सुमारे २३१. कत्तलीची फी पूर्ण जनावराची १०० धरली तर तुमच्या वाट्याला २५. एकूण झाले जवळपास १,१८१ डॉलर. घरी आलं ११५ पाउंड, म्हणजे साधारण ५२ किलो. भागाकार करा: पाउंडाला सव्वादहा डॉलर.

पाटीवर पाच, ताटात सव्वादहा. यात कुणी फसवलेलं नाही. फक्त दोन्ही आकडे दोन वेगळ्या वजनांचे आहेत.

आणि हा सव्वादहाचा भाव स्टेकलाही लागतो आणि खिम्यालाही. वाट्यात ४० टक्क्यांच्या आसपास खिमाच निघतो. म्हणून दुकानाशी तुलना करताना फक्त स्टेकचा भाव बघू नका. खिमा, रोस्ट, स्टेक, तिघांचे दुकानातले भाव त्याच प्रमाणात मिसळा आणि मग बघा. नुसता खिमा खाणाऱ्या घराला हा सौदा महागच पडेल.

दुसरी गोष्ट: पॅकेटवर "नॉट फॉर सेल" का लिहिलेलं असतं?

१९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरची "द जंगल" ही कादंबरी आली. शिकागोच्या कत्तलखान्यांतली घाण वाचून देश हादरला आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा केंद्रीय कायदा झाला. आज यूएसडीएच्या तपासणीखालच्या कत्तलखान्यात प्रत्येक जनावर कत्तलीआधी आणि नंतर सरकारी इन्स्पेक्टरच्या नजरेखालून जातं. असं मांस शेतकरी सुटं, पाकीटभरही विकू शकतो.

पण कायद्यात एक सूट आहे. जनावर तुमचंच असेल आणि मांस तुमच्याच घरात खायला असेल, तर प्रत्येक जनावरामागे इन्स्पेक्टर लागत नाही. याला कस्टम एक्झेम्प्ट म्हणतात. म्हणून तुम्ही जनावर जिवंत असतानाच वाटा विकत घेता, कागदावर मालक होता, आणि खाटीक "तुमच्या" जनावराची कापणी करून देतो. नेब्रास्काने २०२१ मध्ये अशा वाट्यांसाठी कायद्यात खास तरतूदही केली.

मालकी आली तशी बंधनंही आली. त्यातलं पाकीट मित्राला विकायचं नाही. गणेशोत्सवाच्या स्टॉलवर खिमा पाव करून विकायचा तर नाहीच. घरी पाहुण्यांना खाऊ घाला, त्याला हरकत नाही. तपासणी झालेलंच हवं असेल तर शेतकऱ्याला थेट विचारा, जनावर कुठल्या कत्तलखान्यात जाणार? असं विचारण्यात काही वावगं नाही.

तिसरी गोष्ट: कट शीट

खाटीक एक फॉर्म देतो किंवा फोनवर प्रश्न विचारतो. इथल्या छोट्या गावात त्याच्या दुकानाला "लॉकर" म्हणतात, कारण घरोघरी फ्रीझर नव्हते तेव्हा लोक तिथे मांस ठेवायला थंड कप्पे भाड्याने घ्यायचे.

फॉर्मवर सगळे पर्याय अमेरिकन किचनचे असतात. तुम्ही आपल्या किचनचं सांगा. मोठे रोस्ट नको असतील तर खांद्याचे रश्शासाठी तुकडे करून मागा. पायाचं मांस हाडासकट आडवं कापून घ्या, कुकरमध्ये नळीचा रस्सा झकास होतो. खिमा एक-एक पाउंडाच्या पाकिटात. सूपची हाडं, कलेजी हवी असेल तर बोला, नाही बोललात तर बहुतेक वेळा ती येतच नाही. जीभ एकच आणि शेपूटही एकच, तेव्हा चार वाटेकऱ्यांत ते आधीच ठरवा!

अजून एक. पाव वाटा "मिक्स्ड" आहे का ते विचारा. नुसता पुढचा पाव घेतला तर टेंडरलॉइन येणार नाही, नुसता मागचा घेतला तर ब्रिस्केट येणार नाही.

चौथी गोष्ट: जागा आणि वीज

११५ पाउंडांना साधारण तीन-चार घनफूट जागा लागते. अपार्टमेंटच्या फ्रीजचा वरचा कप्पा पुरत नाही. पाच घनफुटांचा चेस्ट फ्रीझर बरा, आणि त्याची किंमतही पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरा. वादळात वीज गेली तर झाकण उघडू नका. भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४. खिमा तीन-चार महिन्यांत संपवा, स्टेक आणि रोस्ट वर्षभर चालतात. वर्षभरात लीज संपून दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर पाव वाटाही जास्तच होतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

स्वस्ताईसाठी नाही, हे आकड्यांवरून दिसलंच. या देशात धष्टपुष्ट करून कत्तलीला जाणाऱ्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के चारच कंपन्या घेतात. शेतकरी लिलावात जातो तेव्हा भाव समोरचा ठरवतो. तुमच्याशी थेट व्यवहार करतो तेव्हा भाव तो ठरवतो. २०२० मध्ये कोविडमुळे मोठे कारखाने बंद पडले, दुकानांत रॅक रिकामे दिसू लागले, तेव्हा लोक गावच्या लॉकरकडे वळले आणि तिथे कित्येक महिन्यांचं वेटिंग लागलं. जवळचा शेतकरी आणि जवळचा खाटीक दोघेही टिकलेले असले तरच अशा वेळी आपल्याकडे दुसरा रस्ता उरतो. माझ्यासाठी जादा पैशांचं उत्तर हे आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

फोन करण्याआधी हे सहा प्रश्न स्क्रीनशॉट मारून ठेवा:

१. भाव कुठल्या वजनावर आहे?
२. कापणी आणि कत्तलीची फी धरून की वेगळी?
३. तपासणी यूएसडीएची की कस्टम?
४. शेवटचे काही महिने जनावराला काय खायला होतं, गवत की मका?
५. किती दिवस टांगणार?
६. ॲडव्हान्स किती, आणि तारीख पुढे गेली तर काय?

शेतकरी यांची उत्तरं शांतपणे देत असेल तर एक चक्कर मारून या आणि गुरं बघा. उत्तरं टाळत असेल तर दुसरा शोधा. तुमच्या गावातले भाव मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात आपण ते सगळे एकाच शीटमध्ये टाकून बघू. भेटूया!