चार बोटांचा साक्षीदार
साताऱ्याच्या पठारावरील सरड्याला त्याचे खरे कूळ सापडले, ते एका साध्या शाखाचित्रामुळे

साताऱ्याहून ठोसेघरच्या बाजूने घाट चढून गेले की चाळकेवाडीचे विस्तीर्ण पठार लागते. डोक्यावर पवनचक्क्यांची पाती फिरत असतात आणि पायाखाली काळा कातळ तापलेला असतो. पावसाळ्यापूर्वीच्या अशा उन्हात एखाद्या दगडावर वीतभर लांबीचा मातकट सरडा येऊन बसतो. तो मान वर करतो आणि क्षणात गळ्याखालची घडी पंख्यासारखी उलगडतो. निळा, काळा आणि नारिंगी असे तिन्ही रंग उन्हात झळाळून उठतात. मादीला रिझवण्यासाठी आणि दुसऱ्या नराला दटावण्यासाठी हा सारा थाट असतो.

गुराख्यांना हा सरडा पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. विज्ञानाच्या दप्तरात मात्र त्याला स्वतःचे नाव मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. तोवर भारतातील अशा बहुतेक सरड्यांची नोंद ‘सिटाना’ या एकाच कुळात होत असे. त्यातही ‘सिटाना पाँटिसेरियाना’ हे नाव सर्रास वापरले जाई. हे नाव १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी पाँडिचेरीच्या सरड्याला दिले होते.

मग हे निराळे कूळ कसे उमगले? त्याचे उत्तर एका आकृतीत आहे. तिला क्लॅडोग्राम म्हणतात. ‘क्लॅडोस’ म्हणजे ग्रीक भाषेत फांदी, म्हणून मराठीत तिला शाखाचित्र म्हणता येईल.

सारखेपणा आणि नाते

लग्नघरी पाहुणे जमले की वडीलधारी मंडळी चेहऱ्यांवरून नाती ओळखतात. पण दोन नाकेडोळे तर सगळ्यांनाच असतात, त्यांवरून कोणी नाते सांगत नाही. ‘हनुवटीवरची ही खळी आजोबांपासून आली’ असे म्हटले, तरच काही अर्थ निघतो. जी खूण एका पूर्वजापासून नव्याने सुरू झाली आणि त्याच्याच वंशात उतरली, तीच नात्याची साक्ष देते.

माश्यांचा अभ्यास करणारे जर्मन कीटकशास्त्रज्ञ व्हिली हेनिग यांनी नेमके हेच तत्त्व १९५० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. १९६६ मध्ये त्यांचे विवेचन इंग्रजीत आले आणि जगभर पसरले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जुना वारसा नाते सांगत नाही, समान असलेली नवी खूणच ते सांगते.

कागद-पेन्सिल घ्या

घरातल्या मुलांना सोबत घेऊन हे करून पाहता येईल. चार नावे लिहा : बागेतला नेहमीचा सरडा, श्रीलंकेच्या जंगलातला ‘ओटोक्रिप्टिस’, मैदानातला ‘सिटाना’ आणि साताऱ्याच्या पठारावरचा आपला सरडा.

पहिली खूण मागच्या पायाच्या पाच बोटांची. ती बागेतल्या सरड्याला आहे, ओटोक्रिप्टिसला आहे आणि आपल्यालाही आहे! म्हणून काही ओटोक्रिप्टिस माणसाचा जवळचा भाऊबंद ठरत नाही. पाच बोटे हा फार जुना वारसा आहे. ही खूण बाजूला ठेवा.

दुसरी खूण गळ्याच्या पंख्याची. तो शेवटच्या तिघांच्या नरांना आहे, बागेतल्या सरड्याला तसा नाही. तेव्हा या तिघांना एका फांदीवर बसवा.

तिसरी खूण सर्वांत मोलाची. सिटाना आणि पठारावरचा सरडा यांच्या मागच्या पायाला चारच बोटे असतात, पाचवे नाहीसे झाले आहे. हा नवा बदल या दोघांतच दिसतो. म्हणजे ही दोघे सख्खी भावंडे आणि ओटोक्रिप्टिस त्यांचा चुलतभाऊ.

झाले तुमचे शाखाचित्र तयार! एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. या चित्रात कोणी कोणाचा बाप नसतो. सगळे प्राणी फांद्यांच्या टोकांवर बसतात. जिथे दोन फांद्या मिळतात, तिथे त्यांचा सामाईक पूर्वज असतो.

चार प्राण्यांची अशी १५ वेगवेगळी चित्रे संभवतात. दहा प्राणी घेतले, तर ती संख्या ३,४४,५९,४२५ वर जाते! म्हणूनच हे काम आता संगणकाकडे सोपवतात. बोटांच्या जोडीला डीएनएमधील हजारो अक्षरेही पडताळली जातात.

मराठी नावाचे कूळ

दीपक वीरप्पन, वरद गिरी, प्रवीण कारंथ, हर्षल भोसले, अमोद झांबरे आदी संशोधकांनी ठिकठिकाणचे सरडे घेऊन त्यांची मापे आणि डीएनए तपासले. शाखाचित्रात चार बोटांचे हे सरडे दोन वेगळ्या फांद्यांवर विभागले गेले. एका फांदीचे नाव सिटाना राहिले. दुसरीला नवे नाव हवे होते. २०१६ मध्ये त्यांनी ते आपल्या बोलीतून उचलले : ‘सराडा’, अर्थात मराठी ‘सरडा’! चाळकेवाडीच्या रंगेल सरड्याचे नामकरण झाले ‘सराडा सुपर्बा’, तर त्याच्या एका भाऊबंदाला डार्विनच्या स्मरणार्थ ‘सराडा डार्विनी’ म्हटले गेले.

नावामुळे काय साधले?

एवढा खटाटोप नावासाठीच का, असे कोणी विचारील. जो प्राणी देशभर आढळतो असे आपण मानतो, तो एका पठारावरून नाहीसा झाला तरी कोणी हळहळत नाही. पण तो निराळा आहे आणि त्याचे घर साताऱ्याच्या परिसरातील मोजक्या पठारांवर आहे असे कळले, की त्या ‘ओसाड’ माळाची किंमत बदलते.

चाळकेवाडीत तेच झाले. मारिया ठाकर, झांबरे आणि भोसले यांचा याच पठारावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पवनचक्क्या नाहीत, तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. पवनचक्क्यांखाली घारी-ससाण्यांचा धाक कमी, म्हणून सरडे अधिक आणि निर्धास्त होते. माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नसत. पण दाटी वाढल्याने खाण्याची ओढाताण झाली, अंगे रोडावली आणि गळ्यातल्या पंख्याचे रंगही फिके पडले. उंच फिरणाऱ्या पात्याचा परिणाम असा जमिनीवरच्या सरड्याच्या गळ्यापर्यंत पोहोचला.

वारा विजेसाठी हवाच आहे. पण पवनचक्की कुठे उभारावी हे ठरवताना त्या जागी आधीपासून कोण राहते, हे ठाऊक असायला हवे. ते सांगण्याचे काम शाखाचित्र करते.

पुढच्या उन्हाळ्यात ठोसेघरला गेलात, तर थोडे पुढे चाळकेवाडीपर्यंत जाऊन या. दगडावरचा सरडा दिसला तर त्याला हात लावू नका, दुरूनच पाहा आणि मुलांना त्याच्या मागच्या पायाची बोटे मोजायला सांगा. चार भरली, की ते हरवलेले पाचवे बोट कोणाकोणाचे नाते सांगून गेले, ते मुलांकडूनच ऐका.