सुरतेच्या तहानंतरची साष्टी

6 मार्च 1775 रोजी पेशवेपदासाठी झगडणाऱ्या रघुनाथरावांनी सुरतेत इंग्रजांशी तह केला आणि वसईबरोबर साष्टीवरही पाणी सोडलं. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी आदल्याच डिसेंबरात घेतला होता. मराठ्यांनी तो 1737 मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली. चहूकडे खाड्या नि समुद्र, मधोमध डोंगर आणि रान, असं हे बेट.

त्यानंतरची प्रत्येक मोठी वाट या डोंगराला वळसा घालून गेली. गव्हर्नर डंकनच्या काळात साष्टीला मुंबईशी जोडणारा शीवचा बांध झाला. 1845 मध्ये माहीमचा झाला, त्यासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी 1,57,000 रुपये दिले. 1853 ची ठाण्याची रेल्वे डोंगराच्या पूर्व पायथ्याने धावली. 1864 मध्ये सुरतेकडून मुंबईत पोहोचलेली रेल्वे पश्चिम पायथ्याने आली.

भारतीय सर्वेक्षण विभागाचं 47 अ/16 हे जुन्या क्रमांकाचं नकाशापत्रक समोर पसरलं की हा इतिहास रंगांत दिसतो. रान हिरवं, तलाव निळे, रस्ते लाल, पायवाटा तुटक रेषांच्या. उंची सांगणाऱ्या तपकिरी समोच्चरेषा दर 20 मीटरला एक, आणि त्या 468 मीटरच्या जांभूळमाळाकडे दाटत जातात.  

मात्र डोंगरावरचं रान टिकलं ते केवळ चढामुळे नाही. 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव झाला. शहराला पाणी पाजायचं तर पाणलोटातली झाडं राखणं भागच होतं, आणि आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मोठं श्रेय या दोन तलावांकडे जातं.

किनाऱ्यालगतची अशी पत्रकं सामान्य माणसाला बराच काळ सहज मिळत नसत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दार किलकिलं केलं, 2021 च्या नव्या नियमांनी ते बरंच उघडलं. हे फार आधी व्हायला हवं होतं, कारण आता वळसा सोडून रस्ता थेट डोंगराच्या पोटातून निघाला आहे. जुलै 2024 मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याची पायाभरणी झाली. प्रकल्पाची एकूण लांबी 11.8 किलोमीटर, म्हणजे 1:50,000 च्या पत्रकावर जवळजवळ 24 सेंटिमीटर. त्या रेषेच्या वर उद्यानातलं रान आहे, त्यातले झरे आहेत, आणि वारली पाड्यांच्या पायवाटाही याच रानातून जातात. बोगद्याच्या प्रत्येक आराखड्यावर हे सगळं या पत्रकाइतक्याच काटेकोरपणे उमटलं पाहिजे.