एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद

सर्व्हरसाठी १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड घेताना सगळे वेग बघतात. मी आधी विचारतो, सेकंदाला छोटी पॅकेटं किती झेपतात? इथरनेटचं सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटचं. त्याच्या आधीचे ८ बाइट आणि नंतरची १२ बाइटएवढी सक्तीची मोकळी जागा धरली की तारेवर ते ६७२ बिट व्यापतं. १० गिगाबिटला ६७२ ने भागा: सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं. दिवसभर असाच ओघ राहिला तर सव्वा लाख कोटींच्या वर.

एका पॅकेटच्या वाट्याला येतात ६७.२ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाश २० मीटर जातो. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरला मिळतात साधारण २०० ठोके, आणि मुख्य मेमरीत एक फेरी मारायची तरी त्यांतले बहुतेक संपतात. डीएनएसच्या सर्व्हरवर ओघ असतो तो अशाच छोट्या पॅकेटांचा.

प्रत्येक पॅकेटला कार्डाने प्रोसेसरला हाक मारली, तर प्रोसेसर हाकांना ओ देण्यातच बुडतो आणि खरं काम शून्यावर येतं. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये ही कोंडी आणि तिच्यावरचा उपाय मांडला. आता चांगलं कार्ड पॅकेटं रांगेत साठवून एकदाच हाक मारतं. पण रांग ५१२ जागांची असेल तर पूर्ण ओघात ती ३४ मायक्रोसेकंदांत भरते; ४०९६ जागांची असली तरी २७५ मायक्रोसेकंदांत. त्यानंतर आलेलं पॅकेट गेलंच. म्हणून कार्डाला अनेक रांगा हव्यात, आणि पत्ते व पोर्ट पाहून ओघ वेगवेगळ्या कोअरांवर वाटता यायला हवा. १०० गिगाबिटला तर एका पॅकेटला २० ठोकेच उरतात. तिथे एकट्या कोअरचा निभाव लागत नाही.

चुकांचा हिशेब वेगळाच. १० गिगाबिट इथरनेटच्या मानकात एक लाख कोटी बिटांमागे एक चूक क्षम्य आहे. भरल्या तारेवर म्हणजे दर १०० सेकंदांना एक, दिवसाला ८६४. त्या पकडायला प्रत्येक पॅकेटच्या शेवटी ३२ बिटांची पडताळणी असते, आणि ती करतं कार्डच.

पण भरवशाच्या चिपचाही घात एका बाइटने होऊ शकतो. २०१३ मध्ये इंटेलच्या ८२५७४एल चिपची काही कार्डं ठरावीक जागी ठरावीक बाइट असलेलं पॅकेट येताच बंद पडत; वीज काढून पुन्हा दिल्याशिवाय ती उठत नसत. इंटेलने सांगितलं, दोष एका मदरबोर्ड उत्पादकाने चिपच्या सेटिंगच्या मेमरीत भरलेल्या चुकीच्या माहितीचा. तेव्हापासून मी नुसतं चिपचं नाव बघून कार्ड घेत नाही. ते कोणी बनवलं, त्याचं फर्मवेअर कोण दुरुस्त करतं आणि ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आहे का, हे विचारल्यावरच पैसे मोजतो.